लोणटेकची फेरी

बिल्कीसला चालता चालता मध्येच थांबायची सवय होती. भाजी घेऊन येताना, कॉलेजच्या जिन्यावर, स्टँडच्या ऐन गर्दीत ती उभी राही आणि समोर बघत बसे. मागून येणाऱ्याला वाटे, हिचं काही पडलं का. पडलेलं काही नसायचं. डोक्यात गणिताची एखादी ओळ वळण घेत असायची, आणि ती नीट वळेपर्यंत बिल्कीसचे पाय उचलत नसत.

तिचे वडील शफीभाई अकोल्यात गाद्या भरायचे. दुकानात पिंजण सुरू झालं की कापसाचं धुकं व्हायचं. लहानपणी ती त्या धुक्यातच बसून अभ्यास करी. खिडकीतून उन्हाची तिरीप आली की तिच्यात हजारो तंतू तरंगताना दिसत. यातला कोणता खाली बसेल, कोणता वर जाईल, याचा अंदाज बांधण्यात तिच्या दुपारच्या दुपारी जात. पुढे अमरावतीला राहून ती गणितात एम.एस्सी. झाली. नोकरी मिळाली ती मात्र एका कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे सहा महिने शिकवायचं आणि सहा महिने घरी बसायचं. लग्नाची बोलणी दोनदा होऊन दोनदा मोडली होती. तो विषय घरात कोणी काढत नसे.

दोन हजार पाचच्या मार्चमध्ये सुगत तायडे तिच्याकडे आला. बारावीपर्यंत दोघं एका वर्गात होती. आता तो खारपाणपट्ट्यातल्या एका पाणीपुरवठा ऑफिसात इंजिनिअर होता. खारपाणपट्टा म्हणजे पूर्णेच्या दोन्ही अंगांचा तो सपाट काळा मुलूख, जिथं विहीर खणली तर पाणी लागतं आणि ते तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, चहातलं दूध फाटतं. उन्हाळ्यात तिथल्या गावांना सातपुड्याच्या पायथ्याचं गोडं पाणी टँकरनं जायचं. वर्षंही वाईट होती. सकाळी पेपर उघडला की आतल्या पानावर रोज एखाद्या गावाचं नाव दिसे, आणि ते कशासाठी छापून आलंय हे वाचल्याशिवाय कळे.

"एकतीस गावं, सहा टँकर," सुगत म्हणाला. "फेऱ्या लावते आमचे पुंजाजीकाका. कुठं काही लिहिलेलं नाही, सगळं डोक्यात. ते जूनमध्ये रिटायर होऊन राहिले, आणि डोळ्यात मोतीबिंदू. ते गेल्यावर काय करावं? तू ते शिकली होतीस ना, काय म्हणतात त्याले, कमीत कमी फेऱ्या काढायचं?"

"शिकले होते," बिल्कीस म्हणाली. "पण आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं."

ऑफिस म्हणजे कौलारू इमारतीतल्या तीन खोल्या. मधल्या खोलीत कापड पांघरलेला एक संगणक होता. त्याच्यावर बिल्कीसनं सीडीतून आणलेला सॉल्व्हर बसवला. हा एक प्रोग्राम. त्याला अटी द्यायच्या, काय कमीत कमी हवं ते सांगायचं, आणि सगळ्या अटी सांभाळून तो सगळ्यांत चांगलं उत्तर शोधतो. त्याची अडचण एकच. जर, तर, किंवा, नाहीतर हे शब्द त्याला कळत नाहीत. त्याला कळतात सरळ रेघा: काही आकड्यांची बेरीज, आणि ही बेरीज अमक्याहून जास्त नको किंवा कमी नको, एवढंच. पुंजाजीकाका तर जर-तरशिवाय बोलत नसत.

ते जाड चष्म्यातून खिडकीच्या उजेडाकडे बघत बसत, आणि बिल्कीस शेजारच्या स्टुलावर वही घेऊन.

"कवठळीले गाडी गेली," ते सांगत, "तं त्याच फेरीत बाभूळढाण्याले गेलीच पायजे. रस्ता तोच हाये."

"आणि बाभूळढाण्याला गेली तर कवठळीला जायलाच हवं?"

"ते काहून? बाभूळढाण्याले दुसरीकून बी जाता येते."

बिल्कीसनं वहीत दोन अक्षरं मांडली, क आणि ब. गाडी गेली तर एक, नाही गेली तर शून्य. मग एवढंच लिहिलं: क हा ब पेक्षा मोठा नको. क एक झाला की ब ला एक व्हावंच लागतं. क शून्य असला तर ब मोकळा. जर आणि तर दोन्ही विरघळून गेले. तिनं त्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं. पुंजाजीकाकांना वाटलं, बाईला डुलकी लागली.

"पुढचं सांगू का?"

"सांगा ना."

"वडसांगवीच्या इहिरीवरून भराचं, नायतं पारडीच्या."

"दोन्हीकडून भरलं तर?"

"कसं भरान? दोन्ही मोटरी एकाच लाइनीवर हायेत. संगं चालू केल्या का फ्यूज जाते."

"आणि एकीवरूनही नाही भरलं तर?"

"मंग गावायनं काय प्याचं, बाई?"

तिनं लिहिलं: दोन्हींची बेरीज बरोबर एक.

"कवठळीत गाडी शाळेपाशी थांबवाची, नायतं देवळापाशी."

"दोन्हीकडे थांबली तर?"

"मंग तं बेसच झालं!"

इथं तिनं लिहिलं: बेरीज एकापेक्षा कमी नको. शब्द तोच, 'नायतं', पण एका ठिकाणी त्याचा अर्थ एक आणि एकच, दुसऱ्या ठिकाणी निदान एक. पुंजाजीकाका हा फरक गेली नऊ वर्षं मनातल्या मनात पाळत आले होते, आणि आपण काही पाळतो हे त्यांना ठाऊकही नव्हतं. असे एकशे चौदा नियम निघाले. काका सांगायचे आणि मध्येच म्हणायचे, "येवढं सगळं माह्या डोक्यात होतं काय?"

बिल्कीस रोज बसनं जाई-येई. एप्रिलच्या उन्हात दोन्हीकडची नांगरलेली काळी रानं हलल्यासारखी दिसत, क्षितिजाशी नसलेलं पाणी चमके. खिडकीला डोकं टेकवून ती बघत राही आणि हळूहळू ती रानं तिच्या गणितात मिसळून जात. प्रत्येक नियम म्हणजे एक धुरा, शेताचा बांध. या धुऱ्याच्या अलीकडे राहायचं, पलीकडे जायचं नाही. एकशे चौदा धुरे पडले की मधे जो तुकडा उरतो, त्याच्या आतच उत्तर. सॉल्व्हर त्या तुकड्याच्या धुऱ्यांवरून एखाद्या रखवालदारासारखा चालत जातो, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. पण अर्धा टँकर पाठवता येत नाही. म्हणून त्याला कोपऱ्यावर थांबून चालत नाही, चौफुलीवर, म्हणजे उभ्या-आडव्या ओळींत सारख्या अंतरावर लावलेल्या पऱ्हाटीच्या, कपाशीच्या, एखाद्या नेमक्या झाडापाशी यावं लागतं. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बिल्कीस त्याच्या मागे मागे चालायची. एकदा अशी चालता चालता तिचं उतरायचं गाव मागे गेलं आणि ती पार दर्यापूरच्या स्टँडवर उतरली.

अकरा एप्रिलला पहिला कागद छापून निघाला. प्रत्येक फेरीला कोणतं गाव आणि किती पाणी, असे दोन रकाने. एकवीस फेऱ्यांचं काम सतरांत बसत होतं. सुगतनं तो कागद पुंजाजीकाकांना वाचून दाखवला. काकांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बराबर वाटते." रोज नवा कागद निघे, आणि दहा दिवस सगळं सुरळीत चाललं.

मग एका सकाळी लोणटेकच्या मनकर्णाबाई जीपनं आल्या. साठीच्या, उंच, पदर कमरेला खोचलेला. त्या ऑफिसात शिरल्या आणि थेट विचारलं, "टँकरचा कागद कोण लिवते?"

सुगतनं काही बोलायच्या आत बिल्कीस उठून उभी राहिली. "मी."

"दोन दिवस झाले, गाडी आली नाही आमच्या गावात. डायवरले इचारलं तं म्हणे कागदावर फेरी नाही. सरपंचानं इथं फोन लावला तं तुमचे सायेब म्हणते, कागदावर पाणी हाये. सहा हजार लिटर. आता मले सांग माय, गाडीबिगर पाणी आलं कुठून?"

बिल्कीसनं कागद काढला. बाई म्हणत होत्या ते खरं होतं. लोणटेकसमोर फेरीच्या रकान्यात शून्य आणि पाण्याच्या रकान्यात सहा हजार. ड्रायव्हर पहिला रकाना बघायचा, सुगत दुसरा. गाडीत उरलेलं सहा हजार लिटर पाणी ड्रायव्हरनं दोन्ही दिवस कवठळीच्या विहिरीत ओतून दिलं होतं. सुगतनं त्याच घटकेला एक टँकर लोणटेकला धाडला आणि मनकर्णाबाई त्याच टँकरच्या केबिनमध्ये बसून परत गेल्या.

बिल्कीस मात्र संगणकापुढून हलली नाही. तिनं लोणटेकचा तो शून्य उघडून पाहिला, पुढचे सगळे दशांश दिसतील असा. तो शून्य नव्हताच. दशांश चिन्हापुढे सहा शून्यं, आणि मग सहाचा आकडा.

गाडी जात नसेल तर पाणी शून्य, हा नियम सरळ रेघेत बसवायला एक मोठा आकडा लागतो. पाणी हे त्या मोठ्या आकड्याला गाडीच्या शून्यानं किंवा एकानं गुणून येईल त्याहून जास्त नको. गाडी नाही तर गुणाकार शून्य, पाणी बंद. गाडी आहे तर गुणाकार एवढा मोठा की त्याचा अडसर होत नाही. शिकवताना सर म्हणत, हा आकडा भरपूर मोठा घ्या. बिल्कीसनं एकावर दहा शून्यं घेतली होती. आणि सॉल्व्हर दशलक्षांशाहून बारीक फरक मोजत नाही, तेवढ्याला तो शून्यच मानतो. त्या न मोजलेल्या कणानं एकावरच्या दहा शून्यांना गुणलं की सहा हजार लिटर होतात. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून गावाचं पाणी वाहून गेलं होतं, कागदावर.

खरं तर आकडा कुठून घ्यायचा हे समोर अंगणात उभं होतं. टँकरच्या पाठीवर रंगानं लिहिलेलं असतं: दहा हजार लिटर. एका फेरीत कोणत्याही गावाला त्याहून जास्त पाणी जाऊच शकत नाही. तिनं एकावर चारच शून्यं ठेवली आणि पुन्हा चालवलं. लोणटेकसमोर स्वच्छ एक आला.

दुरुस्ती झाली, पण त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात नुसतीच बसून राहिली. शफीभाईंनी सुई बाजूला ठेवली.

"हिसाब ठीक हो गया ना?"

"हो गया, अब्बा."

"तो अब जिसका पानी गया, उसके घर जा. यहाँ बैठ के क्या?"

ती लोणटेकला गेली. मनकर्णाबाईंनी तिला ओसरीत बसवलं, माफीचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चूक होते माय. चाल, तुले पाणी दाखवतो."

गावात दोन आटलेल्या विहिरी होत्या. एक चावडीजवळ, दुसरी गावाबाहेर, बौद्ध वस्तीत, मनकर्णाबाईंच्या घरापाशी. टँकरचं पाणी विहिरीत सोडायचं आणि मग ज्यानं त्यानं शेंदून घ्यायचं. चावडीच्या विहिरीत काल आलेलं पाणी हातभर चमकत होतं. वस्तीच्या विहिरीत तळाचा चिखल दिसत होता.

"इथं नाही टाकलं?"

"आधी तिकडं टाकते मानसं. उरलं तं इकडं. काल उरलं नाही." मनकर्णाबाई कठड्यावर टेकल्या. "पुंजाजी फेऱ्या लावे तवा असं नोतं. तवा गाडी पयले इथं ये."

एकशे चौदा नियमांत हा नव्हता. परतीच्या सबंध वाटेवर बिल्कीसला दुसरं काही सुचलं नाही. ऑफिसात पुंजाजीकाका त्यांच्या खिडकीपाशी होते. तिनं स्टूल ओढलं.

"काका, लोणटेकला गाडी आधी वस्तीत जायची. हे मला का नाही सांगितलं?"

"लोणटेकच नाही. अकरा गावं हायेत तशी. मी डायवरले तोंडानं सांगो, पयले वस्तीत अर्धं, मंग गावात अर्धं."

"मग?"

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी लिवलं असतं. लिवलं का लोक वाचते. मंग म्हणते, पुंजाजी बौद्ध हाये, आपल्या मानसायचं पाह्यते. नऊ वर्सं कोनाले समजू देल्लं नाही बाई, म्हणून चाललं ते."

"आणि जूनमध्ये तुम्ही गेल्यावर?"

चष्मा काढून काका धोतराच्या सोग्यानं पुसू लागले, पुसतच राहिले.

बिल्कीसनं वही उघडली. ओळी अगदी सोप्या निघाल्या. वस्तीचं पाणी त्या गावाच्या एकूण पाण्याच्या अर्ध्याहून कमी नको. वस्तीतल्या थांब्याचा क्रमांक अधिक एक, हा गावातल्या थांब्याच्या क्रमांकाहून मोठा नको. एवढ्यानं वस्ती आधी, गाव नंतर. अकरा गावांच्या बावीस ओळी. त्यांत जात नव्हती, धर्म नव्हता, कोणाचं नाव नव्हतं. सुगत मागे उभा राहून वाचत होता. तोही बौद्धच. त्याचा आवाज खाली गेला, "कोणी विचारलं, हे कोणं टाकलं, तं?"

"माझं नाव सांग," बिल्कीस म्हणाली. "मी कोणाच्याच विहिरीवरची नाही."

तिनं सॉल्व्हर चालवला. पडद्यावर बराच वेळ आकडे सरकत राहिले आणि शेवटी एक ओळ उमटली: उत्तर नाही. वाढलेले थांबे, वाढलेला वेळ, सहा टँकर आणि जुने सगळे नियम, हे एका तुकड्यात मावत नव्हतं. कोणता तरी एक धुरा मोडायला हवा होता. बिल्कीस एकेक नियम काढून बघू लागली. कवठळीचा काढला, उत्तर नाही. फ्यूजचा काढला, उत्तर नाही. दुपार कलली तेव्हा ती सत्त्याऐंशीव्या नियमापाशी आली. तो काढला आणि पडद्यावर सतरा फेऱ्या उभ्या राहिल्या.

सत्त्याऐंशीवा नियम काकांनी सांगताना नुसता उरकला होता: रोज सकाळची पहिली फेरी साहेबांच्या बंगल्यावर, बागेला.

कागद घेऊन साहेबांच्या खोलीत सुगत गेला. बिल्कीस दारात थांबली. ऑफिसचे प्रमुख रामरावसाहेब म्हणजे निवृत्तीला आलेले, अबोल गृहस्थ. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"बंगल्याची फेरी दिसत नाही यात."

"ती ठेवली तर उत्तर निघत नाही, सर," सुगत म्हणाला.

"निघत नाही म्हणजे? मशीन ऐकत नाही?"

दारातून बिल्कीस म्हणाली, "मशीन ऐकतं, सर. ती एक फेरी ठेवायची तर अकरा गावांपैकी काही वस्त्यांचं पाणी काढावं लागेल. कोणत्या ते तुम्ही सांगा, मी तसं लिहून देते."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. खिडकीबाहेर पाहिलं, जिथून बंगल्याची हिरवी मेंदी दिसत होती. मग पेन काढून कागदावर सही केली. "गुलाब तसेही नीट येत नव्हते," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर शालिकरामनं कुरकुर केली. चावडीवरची माणसं त्याच्याशी भांडली होती. त्यानं खिशातून कागद काढून त्यांच्यापुढे धरला, 'थांबा एक: वस्ती, थांबा दोन: गाव', खाली सही आणि शिक्का. दोन-तीन दिवस बोलाचाली झाली. एका गावात टँकरसमोर बैलगाडी आडवी लावली, ती दुपारपर्यंत हटली. पुढे चावडीच्या विहिरीतही रोज तेवढंच पाणी येतंय हे लोकांच्या लक्षात आलं आणि ते आपापल्या कामाला लागले.

पाऊस त्या वर्षी जूनच्या अखेरपर्यंत लांबला. पुंजाजीकाका तीस तारखेला निवृत्त झाले. त्याआधी त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्याच्यावर हिरवी पट्टी होती. शेवटच्या दिवशी म्हणाले, "बाई, नऊ वर्सं फेऱ्या लावल्या, पण गाडीत बसून काही गेलो नाही. जाऊ का एकदा?"

दोघं शालिकरामच्या टँकरमध्ये बसली. मागे पाणी डचमळत होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेरणीला थांबलेली काळी रानं होती. पट्टी नसलेल्या डोळ्यानं काका सगळं बघत होते.

"तुमाले हे कसं दिसते?" त्यांनी विचारलं. "तुमच्या त्या रेघायमंदी?"

"आपल्याला चार दिशा, काका. तिथं प्रत्येक गावाला एक दिशा. एकतीस दिशांचं मैदान. डोळ्याला दिसत नाही, पण मिटले की थोडं थोडं जाणवतं."

"मले बी तसंच होय," काका म्हणाले, जणू कोणी त्यांच्याच घराचा पत्ता सांगितला होता.

लोणटेकला वस्तीच्या विहिरीत पाइप सोडला. मनकर्णाबाईंनी चहा केला, दूध न फाटलेला. निंबाच्या सावलीत बाजेवर बसून बिल्कीस तो प्याली. विहिरीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज आधी जाड होता, मग पाणी चढत गेलं तसा बारीक होत गेला. त्या आवाजात तिला पिंजलेल्या कापसाचे तंतू उतरताना दिसू लागले, फार सावकाश, एकेक. ती कधी झोपली ते तिचं तिलाच कळलं नाही.

जागी झाली तेव्हा सावली अंगावरून सरकली होती. टँकर नव्हता. बाजेच्या कडेला काका एकटेच बसले होते.

"गाडी?"

"गेली. शालिकरामनं घड्याळ पाह्यलं. म्हणे, कागदावर वीस मिनिटं लिवली हायेत, एकवीस होऊन राहिली."

"मग तुम्ही मला उठवलं का नाही?"

"नियमात नोतं," पुंजाजीकाका म्हणाले, आणि तोंडावर हात धरून हसू लागले. मनकर्णाबाई आतून विचारत होत्या, आता आलेच आहात तर भाकरी टाकू का. जीप पाच वाजता होती. बिल्कीस पुन्हा आडवी झाली.